दानियलभाऊ आणि घरटी एक माणूस

दानियलभाऊ गेल्याची बातमी मला अठरा दिवसांनी कळली, आणि ती आणली आलापल्लीच्या गाडीच्या कंडक्टरनं. ऑगस्टचा महिना, पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, भामरागड पार तुटलेलं. अशा दिवसांत तिकडची बातमी पायी, डोंग्यातून, जीपमधून, जशी जमेल तशी येते. चंद्रपूरच्या बसस्टँडवर मी वहिनींना मूल गावच्या गाडीत बसवून द्यायला गेलो होतो, तर हा कंडक्टर तिकिटांची पेटी बगलेत धरून माझ्यापुढं उभा राहिला. "गुरुजी, कुसुमटोल्याचे ते येशूवाले भाऊ वारले. तापानं. पाटलानं निरोप देल्ला होता, पण पूर उतरेच ना, तं मी काय करू?" मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुमचे कोण लागत होते?" आता काय सांगावं... ते ख्रिस्ती, मी बौद्ध. ते सिरोंच्याचे, घरी तेलुगू बोलणारे; मी ब्रह्मपुरीकडचा. पाच वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो आणि त्यातली एकही संध्याकाळ वादावाचून गेली नाही. "भाऊच होते," मी म्हणालो. कंडक्टर मान हलवून चहा प्यायला गेला. मी बाकावर बसून राहिलो, आणि वहिनींची गाडी कधी सुटली ते मला कळलं नाही. त्याबद्दल त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एक्क्याऐंशी साली मला कुसुमटोल्याच्या शाळेवर टाकलं होतं. टाकलं हाच शब्द बरोबर. एका साहेबाशी मी शाळेच्या फुटक्या फळ्यावरून भांडलो होतो, आणि भांडखोर मास्तरांसाठी भामरागडपलीकडची गावं राखून ठेवलेली असत. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा व्हायचा होता. बसमधून उतरलो, पेटी डोक्यावर घेतली, नदी ओलांडली, तीन तास चाललो, तेव्हा कुठं ते तेवीस घरांचं माडिया गाव लागलं. शाळा म्हणजे चार खांब आणि वर पाचोळा. मास्तरला खोली नाही. गावचे चिन्ना पाटील, पन्नाशीचे, कमरेला पंचा आणि बोलणं मोजकं, त्यांनी मला एका कुडाच्या घरासमोर नेऊन सोडलं. दारात पांढरा पायजमा घातलेला एक उंच, सावळा माणूस उभा होता. मला म्हणाला, "हे परक्या, आत ये. मी तुजला पाणी देतो."

मला वाटलं, ऊन लागलं आपल्याला. नंतर समजलं की दानियलभाऊ मराठी शिकले ती जुन्या छपाईच्या शास्त्रातून, म्हणजे बायबलातून. पुढं वीस वर्षं ते झाडीपट्टीत हिंडले. त्यामुळं त्यांची अर्धी मराठी आजोबांच्याही आधीची आणि अर्धी आपल्या बाजारातली. भामरागडच्या बाजारात कांदेवालीला ते सांगत, "हे स्त्रिये, खचित सांगून राह्यलो तुले, हे कांदे सडले आहेत." ती बाई असली घाबरायची की मुकाट्यानं कांदे बदलून द्यायची. मी तेच साध्या मराठीत सांगून पाहिलं, तर शिव्या खाल्ल्या.

त्या घराच्या मधोमध आम्ही बांबूची ताटी उभी केली. पलीकडं त्यांचा येशू, अलीकडं माझे बुद्ध. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर ते ताटीवरून डोकावून म्हणाले, "मास्तर, तुजला एक शुभवार्ता सांगायची आहे." मी ताडकन उठलो. मास्तरच्या आयुष्यात शुभवार्ता एकच असते, बदलीची. मी म्हटलं, "ऑर्डर आली?" त्यांनी खाली बसून येशूबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी जो संतापलो तो दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच तोंड उघडलं, कारण भाजी फार चांगली झाली होती. मी सांगितलं, "भाऊ, माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. एका घरातून मोठ्या मुश्किलीनं बाहेर पडलो आम्ही. आता दुसऱ्या घराचं दार दाखवू नका." भाऊंचा चेहरा एकदम फुलला. म्हणाले, "म्हणजे तुमी एकदा उठून चालू लागले. हे तर आमचे लोक महिनोन् महिने समजावून सांगतात, तुझ्या बापानं आधीच करून टाकलं."

ख्रिस्ती मंडळीत पाळक असतो तो देऊळ सांभाळतो, आणि सुवार्तिक असतो तो पायी हिंडून येशूची गोष्ट सांगतो. दानियलभाऊ सुवार्तिक. खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांचा कापडी पट, शास्त्र, तापाच्या गोळ्या आणि एक टाळ. आठवड्यात पाच-सहा गावं व्हायची. चिंचेखाली पट टांगायचा, टाळ वाजवून तेलुगू चालीवर माडियात गाणं म्हणायचं, लोक जमले की गोष्ट. लोक जमत. गोष्ट कोणाला नको असते? पण ऐकून झाल्यावर ते जे विचारत, त्याची तयारी भाऊंच्या शिक्षणात कुठंच झाली नव्हती. मोठ्या पुराची आणि नावेची गोष्ट त्यांनी एकदा फार रंगवून सांगितली. चिन्ना पाटलांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पाणी चढलं तं आमी टेकडीवर जातो. त्यानं नाव बांधत इतके दिवस काऊन घालवले?" भाऊ म्हणाले, टेकडीपण बुडाली. पाटील म्हणाले, "मंग टेकडी बारकी असंल." त्यावर गावानं अर्धा तास टेकड्यांची चर्चा केली, आणि देवाचा विषय राहून गेला.

त्यात भाऊंचा एक हट्ट. तापानं फणफणलेल्या माणसाला ते गोळी देत, रात्रभर उशाशी बसत, पण येशूचं नाव काढत नसत. मी चिडवायचो, "भाऊ, हाच तर मौका. तुमच्या जागी मी असतो तर गोळीसोबत दोन ओळी दिल्या असत्या." ते म्हणत, "ताप असलेला माणूस कशालेही हो म्हणते. त्याचा हो घेऊन मी काय करू? बरा झाला की सांगीन, मंग त्याले नाही म्हणता येते." आणि बरी झालेली माणसं खरंच नाही म्हणत. हसून, मोहाची फुलं हातावर ठेवून, अगदी प्रेमानं नाही म्हणत.

दर तीन महिन्यांनी चंद्रपूरच्या त्यांच्या कचेरीला एक तक्ता पाठवायचा असे. गावं किती, ऐकणारे किती, जिज्ञासू किती, बाप्तिस्मे, म्हणजे पाण्यात बुडी घेऊन मंडळीत आलेले, किती. बाप्तिस्म्याच्या रकान्यात भाऊ शून्य काढत, तेही अगदी गोल, वळणदार. एकदा पोस्टात टाकायला त्यांनी तक्ता माझ्याकडं दिला आणि मी तो वाचला. जिज्ञासू : एक. पुढं माझं नाव. मागचे तक्ते काढायला लावले, तर चार वर्षं मीच. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी जिज्ञासू? अहो मी विरोधक आहे. लिहा, विरोधक : एक." भाऊ शांतपणे म्हणाले, "तसा रकाना नाई. अन् मास्तर, रोज दोन तास तू मले प्रश्न विचारतेस. ह्या साऱ्या जंगलात येवढी जिज्ञासा कोणाले आहे, सांग बरं." त्यानंतर मी ठरवलं की ह्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही. तो निश्चय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

मग पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्या कचेरीचं पत्र आलं. पाच वर्षांत कुसुमटोल्यात एकही माणूस मंडळीत आला नाही, तेव्हा हे ठाणं बंद करायचा विचार आहे. जानेवारीत पाळकसाहेब स्वतः येऊन पाहतील. लोक नसतील तर दानियल यांनी चंद्रपूरला पुस्तकांच्या भांडारात रुजू व्हावं. भाऊंनी ते पत्र घडी करून पटाच्या पिशवीत ठेवलं आणि त्या दिवशी कुठल्याच गावी गेले नाहीत. ताटीपलीकडं नुसते बसून होते. मला ते सहन होईना.

इथून पुढची चूक माझी आहे. मी सरळ चिन्ना पाटलांकडं गेलो आणि सांगितलं की भाऊंना घेऊन जातील. पाटलांनी विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, "त्यांची माणसं नाहीत म्हणून. पाण्यात उतरणारी माणसं असती तर ठाणं राहिलं असतं." पाटलांनी विचारलं, "पाण्यात किती वेळ राहा लागते?" मी म्हटलं, एक बुडी. "बस?" म्हणाले, आणि उठून कामाला गेले. मला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत पाळकसाहेब आले. भला माणूस, जाडजूड, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तीन तास चालून पार गळालेला. भाऊ त्यांना शून्याबद्दल काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव करत नदीकाठानं आणत होते. आणि काठावर गाव उभं होतं. ओळीनं. बावीस माणसं, म्हातारी, तरणी, बाया, बापे, अंघोळीच्या तयारीनं. पाटील पुढं आले आणि पाठ केलेल्या मराठीत म्हणाले, "आमी पाण्यात उतराले आलो." पाळकसाहेबांनी आभाळाकडं पाहिलं. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अर्धा तास, फक्त अर्धा तास, त्या माणसाला वाटलं की आपलं ऐकलं गेलं. मला सगळं कळून चुकलं होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. भाऊ धावत घरी जाऊन स्वच्छ सदरा घालून आले. पाळकसाहेब बूट काढून भाऊंसोबत कमरेइतक्या पाण्यात उतरले, ते गारठ्यानं हुडहुडत होते नि हसतही होते.

ओळीत पहिला होता मासा नावाचा पाटलांचा पुतण्या, चांगला धिप्पाड गडी. तो पाण्यात उतरला आणि माडियात भाऊंना म्हणाला, "माझा भाऊ बाजाराले गेला. त्याच्या घरचापण मीच आहो. तं दोनदा बुडू, का एकात भागते?"

आमच्याकडच्या वाचकांना हे सांगावं लागेल. त्या गावांत कोणाचं घर शाकारायचं असलं, शेताला कूप, म्हणजे कुंपण, घालायचं असलं, की घरटी एक माणूस जातो. मजुरी नाही, आमंत्रण नाही. काम निघालं की प्रत्येक घरातून एक जण. घरात कोणी नसलं तर शेजारचा त्याची पाळी भरून काढतो. पाटलांनी हिशेब साधा लावला होता. भाऊंचं काम निघालंय, घरटी एक माणूस द्या. कोणी सून दिली, कोणी रिकामा बसलेला म्हातारा दिला, आणि मासा दोन घरांची पाळी करायला आला होता.

पाळकसाहेबांना माडिया येत नव्हतं. ते थरथरत म्हणाले, "दानियल, काय म्हणतो हा? विश्वास ठेवतो म्हणतो ना?"

मासा काय म्हणाला हे पाळकसाहेबांना सांगू शकणारे त्या काठावर आम्ही दोघंच होतो, भाऊ आणि मी. भाऊ म्हणाले असते, हो, ठेवतो म्हणतो, तर ठाणं वाचलं असतं, बावीस नावं तक्त्यात गेली असती, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. मी पाळकसाहेबांच्या पाठीमागून भाऊंना हातवारे करत होतो. नका सांगू. भाऊंनी ते पाहिले. नदीचं पाणी त्यांच्या सदऱ्याशी खेळत होतं. मग त्यांनी मासाचा शब्द न् शब्द मराठीत सांगितला. एवढंच नाही, पाटलांना विचारून घेतलं की लोक कशाला आले, आणि पाटलांचं उत्तरही सांगितलं, "भाऊचं काम निघालं म्हणून मास्तरानं सांगितलं," यातला मास्तरसुद्धा न गाळता. पाळकसाहेब माझ्याकडं वळले. तेवढ्यापुरतं मलाही पाण्यात बुडी मारावीशी वाटली.

भाऊंनी लोकांना घरी जायला सांगितलं, तर गाव नाराज झालं. आलेली पाळी परत पाठवणं म्हणजे अपमान. पाटील म्हणाले, "कमी पडले काय? घरटी दोन-दोन आणतो." भाऊंनी त्यांचा हात धरून समजावलं की हे काम दुसऱ्यासाठी करता येत नाही, ज्याचं त्यानंच करायचं असतं. पाटलांना ते अजिबात पटलं नाही. "मंग ते काम कशाचं," म्हणाले. पाळकसाहेब खडकावर बसून ओल्या पायांत बूट चढवत होते. जाताना ते भाऊंना म्हणाले, "दानियल, तुम्ही खरं बोललात, हे मी वर सांगीन. पण त्याला रकाना नाही हो." आणि मार्चपासून ठाणं बंद झालं.

त्या संध्याकाळी मी भाऊंना वाट्टेल तसं बोललो. एक शब्द फिरवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं, म्हटलं. ते चुलीपुढं पाय शेकत होते. म्हणाले, "मास्तर, ठाण्याचं जाऊ दे. पाच वर्षं मी बोलून राह्यलो. ते माझ्यासाठी आले, माझ्या प्रेमानं आले, हे मले दिसलं. पण मी जे सांगितलं, ते एकाच्या तरी कानात गेलं असंल काय? का मी एकटाच बोलत होतो?" मी म्हणालो, "गेलं असेल की." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले. "तुले खोटं बोलता येत नाई मास्तर," म्हणाले, आणि भात वाढायला उठले.

ते चंद्रपूरला गेले नाहीत. पाटलांनी दिलेल्या तुकड्यावर अतिशय वाईट शेती करत, गोळ्या वाटत, गोष्टी सांगत तिथंच राहिले. शहाऐंशीत माझी बदली झाली. निरोप द्यायला नदीपर्यंत आले, वाटेत शेवटचा वाद झाला, तो कशावरून ते आता आठवत नाही. पुढची दोन वर्षं पत्रं येत होती. "प्रिय मास्तरास" अशी सुरुवात आणि खाली तीन प्रश्न, माझ्या उत्तरासाठी. शेवटच्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही. शाळेत परीक्षा होत्या, राहून गेलं. हे लिहितानाही लाज वाटते.

कंडक्टरनं बातमी दिली त्यानंतर पूर उतरला, वाट झाली, तसा मी कुसुमटोल्याला गेलो. पाटलांनी मला चिंचेमागं भाऊंना पुरलं ती जागा दाखवली. भाऊंच्या प्रार्थना कोणाला येत नव्हत्या म्हणून त्यांनी टाळ वाजवला होता. मी तिथं उभं राहून रडलो, लपवण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या घराकडं गेलो तर दार उघडं होतं आणि आत दहा-बारा माणसं जमिनीवर बसलेली. पाटलांची म्हातारी बहीण पोचीबाई म्हणाली, "आज आइतवार." बस, एवढंच कारण. आइतवारी इथं बसायचं असतं. पूर्वी भाऊ बोलत, आता कोणी बोलत नाही, तरी बसायचं असतं. तिनं आढ्याला टांगलेलं गाठोडं काढलं, वाळवी लागू नये म्हणून तीन कापडांत गुंडाळलेलं भाऊंचं शास्त्र त्यातून निघालं, आणि ते तिनं माझ्या हातात दिलं. "तुले वाचता येते. वाच."

आता मी बौद्ध माणूस, ह्या पुस्तकाशी पाच वर्षं भांडलेला. पण नाही कसं म्हणणार. जिथं भाऊंची खूण होती ते पान उघडलं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. मी एकेक वाक्य वाचायचं नि तोडक्यामोडक्या माडियात सांगायचं, असं चालू केलं. दुसऱ्याच वाक्याला पोचीबाईनं मला थांबवलं.

"मेंढरू नाई. बकरी होती."

मी म्हटलं, "बाई, इथं मेंढरू लिहिलंय. शंभर मेंढरं."

"शंभर कोणाकडं रायते? बारा होत्या. हरवली ते काळी होती, एक कान फाटला होता तिचा." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकीनं सांगितलं, डावा कान. मासा म्हणाला, उजवा, भाऊनं उजवाच सांगितला होता, आणि त्यांचं तिथंच जुंपलं. पोचीबाईनं दोघांना गप्प केलं, माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं आणि बाजूला ठेवलं. "तू नवा आहेस," मला म्हणाली. "तुले ठाऊक नाई. आइक."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तो माणूस अकरा बकऱ्या गावात ठेवून एकटा निघाला. लोक म्हणाले, एका बकरीसाठी काऊन जातेस, वाघानं खाल्ली असंल. तो म्हणाला, नाई, ते वाट पाहून राह्यली. पायात काटे मोडले, अंधार पडला, तरी तो हाका मारत राह्यला. सगळे जण ऐकत होते, जणू पुढं काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं.

"अन् तिथं, त्या पल्याडच्या खडकाजवळ, त्याले ते सापडली," पोचीबाई म्हणाली, आणि तिनं दारातून नदीकडं बोट केलं. सगळ्यांनी वळून तिकडं पाहिलं. मीही पाहिलं.